हात बदलणारे यंत्र

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात पावसाचे पाणी जिरवण्यासाठी एक खोल खड्डा घ्यायचा होता. सोसायटी पुण्यात, कोथरूडला. फाटक जेमतेम सात फुटांचे आणि आत शिरल्यावर लगेच काटकोनात वळण. आपण सगळे ज्याला जेसीबी म्हणतो ते यंत्र आत येणे शक्यच नव्हते. ठेकेदाराने मग एक लहान यंत्र पाठवले. सारख्या आकाराची चार चाके, मध्ये पिंजऱ्यासारखी केबिन आणि चालकाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले दोन लोखंडी हात. वळणापाशी ते जागच्या जागी गरकन फिरले आणि अंगणात येऊन उभे राहिले. चालकाने हातांच्या टोकाची बकेट खाली ठेवली आणि तिच्या जागी सुताराच्या गिरमिटासारखा, पण बारा इंची, ऑगर चढवला. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. एकमेकांना लागून भोके पाडायची आणि मग मधली माती काढून खड्डा मोकळा करायचा, असा बेत होता. बघायला जमलेली मुले खूष होती.

पहिले तीन फूट काम झकास झाले. मग ऑगर थरथरला आणि थांबला. इंजिन कण्हू लागले. चालकाने पाय काढला नाही, दामटत राहिला. पाच-सात मिनिटांत तेल तापल्याचा दिवा लागला आणि नळीच्या जोडावरून तेल ठिबकू लागले. काम बंद पडले. चालक म्हणाला, मशीनमध्ये फॉल्ट आहे. ठेकेदार फोनवर म्हणाला, अटॅचमेंट खराब आहे. माती उचलायला आलेल्या मंडळींत वडार समाजातले एक आजोबा होते. त्यांनी भोकात पहार दोनदा आपटली, आवाज ऐकला आणि म्हणाले, “गोटा हाय लेका. मुरमात असतोय. ह्याच्यानं न्हाई कापायचा.”

तिघांपैकी कोणाचे निदान बरोबर होते हे पुढे येईलच. पण त्या संध्याकाळी आम्ही या यंत्राची जन्मकथा धुंडाळायला बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या यंत्राचा जवळजवळ प्रत्येक भाग म्हणजे कुठेतरी, कधीतरी झालेल्या एका बिघाडाला कोणीतरी दिलेले उत्तर आहे. तो मूळ बिघाड माहीत असला की आजचा बिघाड ओळखायला फार वेळ लागत नाही.

आधी खणण्याच्या कामाविषयी थोडेसे. पुणे शहर हाताने खणलेले शहर आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात आणले. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर चहूकडे पसरत गेले. या साऱ्यामागे पहार, कुदळ, टिकाव, फावडे, घमेले आणि गाढव यांचे श्रम आहेत. आणि अर्थात माणसांचे. मातीकाम करणारे ते माती वडार, दगड गाडीतून वाहणारे ते गाडी वडार, जाती-पाटे घडवणारे ते पाथरवट, अशी कामावरून पडलेली नावे आजही ऐकू येतात. महाराष्ट्रात वडार समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्यांच्या हातांनी वाड्यांचे पाये खणले गेले, त्यांची नावे कुठल्याच वाड्याच्या दगडावर नाहीत.

मातीकामाचे माप आजही ब्रास आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. खणून सुटा झालेला मुरूम घनमीटरला साधारण १.६ टन भरतो असे धरले, तर एका ब्रासचे वजन साडेचार टन होते. घमेल्यात पंधरा ते वीस किलो माती मावते. म्हणजे एक ब्रास उचलायला सव्वादोनशे ते तीनशे घमेली, आणि प्रत्येक घमेले कमरेतून वाकून उचलायचे, डोक्यावर घ्यायचे, चालत नेऊन टाकायचे. आमच्या अंगणात आलेल्या लहान यंत्राच्या बकेटमध्ये ०.४ घनमीटर माती मावत होती. तेच काम सात खेपांत. या हिशेबात आणखी एक गंमत आहे, ती मुलांना जरूर सांगा. जमिनीतला घट्ट मुरूम खणला की तो फुगतो, त्याचे आकारमान चौथ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक वाढते. म्हणून खड्ड्याचे माप काढून ट्रक मागवणारा नवखा माणूस नेहमी फसतो.

आता यंत्राकडे वळू. त्याच्या हातांत ताकद येते ती तेलाच्या दाबातून. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम सतराव्या शतकातला. पुस्तकात तो एका आकृतीत संपतो. प्रत्यक्षात तो कामाला लावायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. १७९५ साली लंडनमध्ये जोसेफ ब्रामाने द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. पण त्याच्यापुढची खरी अडचण पास्कलची नव्हतीच, गळतीची होती. दट्ट्या घट्ट बसवला तर हलत नाही, सैल बसवला तर पाणी बाहेर. ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्सले या तरुण कारागिराने चामड्याचे वाटीच्या आकाराचे वेष्टण करून ही अडचण सोडवली, असे सांगतात. दाब वाढला की वाटीची कड पसरून भिंतीला जास्त घट्ट चिकटायची. दाब उतरला की सैल व्हायची. गळती करणारा दाबच गळती थांबवायला लावला. आजच्या यंत्रांतले सील रबराचे किंवा प्लॅस्टिकचे असतात, पण युक्ती हीच. आणि म्हणूनच धुळीचा एखादा कण त्या कडेखाली अडकला की सगळी युक्ती वाया जाते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. सुई काढलेल्या दोन सिरिंज घ्या, एक मोठी, एक लहान. दोन्ही सलाइनच्या नळीने जोडा आणि आत पाणी भरा. लहान सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याने दाबला की मोठ्या सिरिंजवर ठेवलेले जाडजूड पुस्तक उचलले जाते, फक्त थोडेसेच. मग मुद्दाम नळीत हवेचा एक बुडबुडा येऊ द्या. दट्ट्या आता स्पंजासारखा दबतो आणि पुस्तक गुपचूप बसून राहते. पाणी दबत नाही, हवा दबते. खोदकाम करणाऱ्या यंत्राचे हात कधीकधी झटके देत, लाडात आल्यासारखे वर जातात. त्याची पहिली शंका हीच, की टाकीतले तेल कमी होऊन पंप हवा ओढतो आहे.

खोदणाऱ्या यंत्रांत तेलाचा दाब रुळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधी वाफेवर चालणारी आणि दोरखंड-साखळ्यांनी हलणारी फावडी होती. विल्यम ओटिस या अमेरिकन माणसाने १८३९ साली त्याचे पेटंट घेतले होते. रेल्वेच्या कामांना ती ठीक होती, घराच्या अंगणात नव्हे. अंगणात यायला यंत्राला दोन सिरिल भेटावे लागले. पहिला जोसेफ सिरिल बॅमफर्ड. त्याने १९४५ साली इंग्लंडमधल्या उटॉक्सेटर गावात भाड्याच्या एका गॅरेजमध्ये युद्धातल्या टाकाऊ सामानातून कलती होणारी ट्रॉली तयार केली. १९५३ साली त्याने एकाच ट्रॅक्टरला पुढे भरायची बकेट आणि मागे खणायचा हात बसवला. त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे जेसीबी. ही कंपनी १९७९ साली भारतात आली आणि पुढे आपल्या तळेगावलाही तिचा कारखाना झाला. एका माणसाच्या नावाची आद्याक्षरे मराठीत सामान्यनाम होऊन बसली. ‘पिवळा जेसीबी’, ‘हिरवा जेसीबी’, ‘दुसऱ्या कंपनीचा जेसीबी’ असे लोक बिनदिक्कत म्हणतात. २०१९ च्या उन्हाळ्यात तर जेसीबीची खोदाई बघत उभे राहणाऱ्या लोकांची देशभर थट्टा चालली होती. आम्हाला त्यात थट्टेसारखे काही वाटले नाही. आम्हीही उभे राहतो.

पण जेसीबी सात-आठ टनांचा आणि सव्वादोन मीटरहून रुंद. आमच्या फाटकातून आले ते यंत्र दुसऱ्या सिरिलचे.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचे छोटे गाव आहे. तिथे सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ शेतीची अवजारे दुरुस्त करण्याचे दुकान चालवत. जवळच्या एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार होती, की कोठाराच्या वरच्या मजल्यावरची घाण काढायला माणसे लागतात, कारण ट्रॅक्टर तिथे चढवला तर मजला कोसळेल आणि खांबांमधून तो वळणारही नाही. हलके, बुटके आणि जागच्या जागी फिरणारे यंत्र हवे. १९५७ च्या फेब्रुवारीत केलर बंधूंनी ते करून दिले. पुढे दोन चाके, मागे खुर्चीच्या पायाला असते तसे मोकळे फिरणारे एकच चाक.

यानंतरचा इतिहास म्हणजे बिघाडांची मालिका आहे. पहिल्या यंत्रात चाकांना ताकद पट्ट्यांनी पोहोचत होती. ओलसर घाणीत पट्टे घसरत, झिजत. म्हणून भावांनी प्रत्येक बाजूच्या चाकासाठी स्वतंत्र क्लच असलेली रचना केली. आता डावे चाक पुढे आणि उजवे मागे असे एकाच वेळी फिरवता येऊ लागले. १९५८ साली नॉर्थ डकोटातल्या ग्विनर गावच्या मेलरो कंपनीने दोघांना आपल्याकडे घेतले. मग लक्षात आले की भुसभुशीत जमिनीत मागचे फिरते चाक रुतून बसते. १९६० साली ते काढून मागेही दोन चाकांचा आस दिला आणि चारही चाकांना ताकद दिली. यंत्र रुतायचे थांबले. पण आता एकही चाक वळवता येत नव्हते! चारही चाके सरळ, जखडलेली. वळायचे तर एका बाजूची चाके थांबवायची किंवा उलटी फिरवायची आणि टायर जमिनीवर घासू द्यायचे. बैलगाडी अरुंद जागेत वळवताना एक बैल जागीच धरतात आणि दुसऱ्याला पुढे हाकतात, त्यातलाच प्रकार. स्किड स्टिअर लोडर हे नाव त्यावरूनच पडले: स्किड म्हणजे घसरणे. १९६२ पासून कंपनीने आपल्या यंत्रांना बॉबकॅट हे नाव दिले. हे तिकडच्या एका चपळ रानमांजराचे नाव.

आता एक बारकावा. चारही चाकांवर सारखे वजन असेल तर असे यंत्र नीट वळत नाही, धक्के देत राहते. म्हणून रिकाम्या यंत्राचे साधारण ७० टक्के वजन मागच्या आसावर ठेवतात. ते मागच्या चाकांवर फिरते आणि हलकी पुढची चाके घसरतात. बकेट भरली की उलटे होते, वजन पुढे येते आणि मागची चाके घसरू लागतात. म्हणजे भार उचलणे आणि वळणे या दोन्ही गोष्टी एकाच तराजूवर तोललेल्या आहेत. बकेट काढून तिच्या जागी जड ब्रेकर किंवा लांब फोर्क लावले की तो तराजू बिघडतो. वजन तेवढेच असले तरी ते चाकांपासून जितके लांब, तितका तोल पुढे झुकतो. तरफेचा हा धडा सातवी-आठवीतलाच. म्हणून चाकांच्या यंत्राची उचलण्याची क्षमता कागदावर लिहिताना ते ज्या भाराला पुढे कलंडते त्याच्या निम्मीच धरतात. या निम्म्यात जोडलेल्या अवजाराचे वजनही मोजायचे असते, आणि चुकते ते इथेच. यंत्र वळताना अचानक धक्के देऊ लागले किंवा उतारावर मागची चाके उचलली गेली, तर इंजिनात दोष शोधण्याआधी पुढे काय टांगले आहे ते बघावे. असे यंत्र भरलेले असताना चढाच्या दिशेला तोंड करून चालवतात आणि रिकामे असताना पाठ चढाकडे ठेवतात. जड बाजू नेहमी चढाकडे.

अवजारे बदलण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. एकाच बैलजोडीला नांगर, वखर, पाभर, कोळपे पाळीपाळीने जुंपतातच. नांगराचा झिजणारा भाग म्हणजे फाळ. तोही वेगळा काढून लोहाराकडे नेता येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर काढला, तेव्हाही फाळ बदलता येणे ही सोय होतीच. या नव्या यंत्रात अडचण वेगळी होती. बकेट काढायची तर जाडजूड पिना हातोड्याने ठोकून काढाव्या लागत, त्यात तास जाई आणि बोटेही. १९७० साली बॉबकॅटवर अशी पाटी आली की चालकाने ती अवजाराच्या वरच्या कडेखाली घालायची, मागे कलवायची आणि दोन खटके दाबले की खालच्या भोकांत दोन पाचर-पिना उतरून अवजार पक्के होते. आमच्या चालकाची ती पाच मिनिटे इथून आली. या सोयीबरोबर एक नवा धोकाही आला. भोकांत माती अडकली असेल तर खटका खाली गेलेला दिसतो, पण पिन पूर्ण बसलेली नसते. हात वर गेले की अवजार सुटून खाली येते. म्हणून पिनांची टोके खालून बाहेर आलेली दिसतात का, हे उतरून, वाकून, डोळ्यांनी बघायचे.

बकेटला तेल लागत नाही. ऑगर, ब्रेकर, झाडू यांना लागते. त्यासाठी यंत्राच्या हातावर दोन जादा नळ्या असतात आणि झटकन बसणारे कपलर. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी हे कपलर बसेनात. चालकाने हातोडा मागितला. कारण साधे होते. ऑगर सकाळपासून उन्हात पडला होता. त्याच्या नळीत तेल कोंडलेले, दोन्ही तोंडे बंद, बाहेर जायला जागा नाही. तापलेले तेल प्रसरण पावून आत दाब वाढला आणि त्याने कपलरची झडप आतून दाबून धरली. हातोडा मारला असता तर कपलर कायमचा गेला असता. ऑगर सावलीत ओढला, ओले पोते टाकले, यंत्राकडच्या नळीतला दाब इंजिन बंद करून आणि लिव्हर दोनचारदा हलवून मोकळा केला. अर्ध्या तासाने कपलर हाताने बसला. बसवण्याआधी तोंडे स्वच्छ फडक्याने पुसून घेतली. ऑगर उलटा फिरायला लागला, तर घाबरायचे कारण नाही. दोन नळ्यांची अदलाबदल झालेली असते.

आता आदल्या दिवशीच्या तापलेल्या तेलाकडे येऊ. दाब मर्यादेबाहेर गेला की तेलाला टाकीत परतायला वाट करून देणारी एक झडप असते, आपल्या कुकरच्या शिट्टीसारखी. तीही एका जुन्या दुखण्याचे उत्तर: ती नसती तर ऑगर अडताच नळी फुटली असती. पण ऑगर अडलेला असताना चालक लिव्हर दाबून धरतो, तेव्हा पंपाची सगळी ताकद त्या झडपेतून वाहते. काम शून्य, मग ही ऊर्जा जाते कुठे? मुलांकडून हिशेब करून घ्या. दाब २०० बार, म्हणजे दोन कोटी पास्कल. प्रवाह मिनिटाला ७० लिटर. दोहोंचा गुणाकार सुमारे २३ किलोवॅट. घरातल्या बारा-पंधरा गिझरांइतकी ताकद ५० लिटर तेलात उष्णता होऊन शिरते. हे तेल साधारण ४४ किलोचे. विशिष्ट उष्मा १.९ किलोज्यूल धरला तर तेल मिनिटाला सोळा अंशांनी तापते. थंड करणारा रेडिएटर थोडी उष्णता काढून घेतो, पण त्याचीही जाळी धुळीने भरलेली असते. तापलेले तेल पातळ होते, पातळ तेल सीलच्या कडेखालून निसटते आणि मॉड्सलेची वाटी हरते. जोडावरून ठिबकणारे तेल हे आजाराचे कारण नव्हते, लक्षण होते. मशीनमध्ये फॉल्ट नव्हता आणि अटॅचमेंटही खराब नव्हती.

सगळी अवजारे सगळ्या यंत्रांना मानवतात असेही नाही. ऑगरच्या मोटरचा वेग तेलाच्या प्रवाहावर ठरतो आणि पिळण्याची ताकद दाबावर. मोठ्या प्रवाहासाठी केलेले अवजार लहान यंत्राला लावले तर ते रेंगाळते. उलट केले तर ते सुसाट फिरून तापते आणि सील उडवते. काही मोटरींना आतून झिरपणारे तेल टाकीत परत नेणारी तिसरी, बारीक नळी असते. ‘ही कशाला?’ म्हणून ती न जोडणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. मोटरीचे सील तासाभरात बाहेर येते.

गळती शोधायला हात फिरवू नये, ही गोष्ट मात्र कोणत्याही हिशेबापेक्षा महत्त्वाची. २०० बार दाबाचे तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येते ते दिसतही नाही आणि कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट गमावण्याची वेळ येते. अशा माणसाला तत्काळ रुग्णालयात न्यावे, वाट बघू नये. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवून.

या यंत्राचा सगळ्यात वाईट दोष फार वर्षे तसाच राहिला. चालक चढतो समोरून, म्हणजे उचललेल्या हातांच्या खालून. हात वर असताना कोणी अर्धवट बाहेर वाकला आणि गुडघा लिव्हरला लागला, तर हात त्याच्यावरच येतात. माणसे अशी मेली. मग मांडीवर येणारा दांडा आणि सीटबेल्ट आले. ते जागेवर नसले की हात हलतच नाहीत. जेसीबीने १९९३ साली एकाच बाजूला हात असलेले यंत्र काढले, म्हणजे दुसऱ्या बाजूने दारातून उतरता यावे. १९९८ साली अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने या यंत्राने होणाऱ्या मृत्यूंबद्दल खास इशारा प्रसिद्ध केला. तरीही सीटखालच्या स्विचची तार जोडून टाकून तो कायमचा चालू ठेवण्याचा उद्योग सर्रास चालतो, ‘सारखं बंद पडतंय’ म्हणून. इतर बिघाडांची किंमत तेलात आणि सीलमध्ये मोजली जाते. याची तशी मोजता येत नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी पहिली गोष्ट केली ती ही, की चालकाला सीटवरून उठायला सांगून हात थांबतात का ते पाहिले. थांबले.

राहिला गोटा. पुण्याखाली आहे तो दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थंड होताना त्याला भेगा पडल्या. भेगांतून पाणी मुरले आणि दगड कडांकडून कुजत गेला. कोपरे आधी, कारण तिथे पाणी तीन बाजूंनी लागते. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे थर सुटून त्यांचा मुरूम झाला आणि मधोमध न कुजलेला, वाटोळा, ताजा पाषाण उरला. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे हे गोटे मुरमात बसलेले स्पष्ट दिसतात. मुलांना घेऊन जरूर बघा. ऑगरचे दात माती आणि मुरूम खरवडण्यासाठी असतात. ताजा बेसॉल्ट चिरडायला १०० मेगापास्कलहून अधिक दाब लागतो. त्यावर ऑगर दाबणे म्हणजे पोळपाटावर चमच्याने भोक पाडणे.

ब्रेकर आणावा असे ठरत होते. त्याचेही नियम आहेत. दगडाच्या मधोमध न मारता कडेपासून आत यायचे, एका जागी अर्ध्या मिनिटाहून अधिक मारत राहायचे नाही, आणि खाली दगड नसताना तर मारायचेच नाही. पण ब्रेकरचे भाडे वेगळे आणि तो यायला दोन दिवस. आजोबा म्हणाले, “फोडता कशाला? काढू की.” त्यांनी आणि त्यांच्या सुनेने पहार-फावड्याने गोट्याभोवतीचा मुरूम मोकळा केला. दुपारपर्यंत गोटा उघडा पडला: व्यास जवळजवळ दोन फूट. आम्ही जमिनीवरच काडीने गणित केले. आकारमान ०.१२ घनमीटर, घनता २.९, म्हणजे वजन साडेतीनशे किलो. यंत्राची क्षमता कागदावर सातशे. चालकाने बकेट उतरवून फोर्क चढवले, पिनांची टोके वाकून पाहिली. आजोबांनी साखळी दोन ठिकाणी गुंडाळली आणि सगळ्यांना, आम्हालाही, दहा पावले मागे हाकलले. गोटा वर आला तेव्हा यंत्राची मागची चाके किंचित हलकी झाल्याचे दिसले.

उरलेली भोके ऑगरने तासाभरात संपवली. संध्याकाळी हिशेब झाला. यंत्राचे भाडे तासाने, वाया गेलेल्या पहिल्या दिवसासकट. आजोबांचे काम ब्रासने ठरले होते. त्यांनी गोट्याचे पैसे वेगळे मागितले. ठेकेदार म्हणाला, एक गोटा म्हणजे ब्रासचा विसावा हिस्सासुद्धा नाही. गणित बरोबर होते. सोसायटीने ते पैसे दिले, पण त्यासाठी दोन बैठका घ्याव्या लागल्या.